मदत हवी आहे : ब्रिटन-अमेरिकेतले लिमिटेड एडिशन ब्ल्यू-रे लातूरात चालवायचेत, प्लेअर कुठला घ्यावा?

नमस्कार मंडळी, मी लातूरचा. जुने क्लासिक सिनेमे डिस्कवर जमवायचा नाद लई जुना, गंजगोलाईच्या आसपास कॅसेट-सीडीची दुकानं होती तेव्हापासूनचा. आधी प्रभातच्या व्हीसीड्या घेतल्या, मग मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयाला व्हीसीडी न् ३४ ला डीव्हीडी काढली तेव्हा पिशव्या भरभरून आणल्या. पण व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ चं, आताच्या मोठ्या टीव्हीवर लावलं की 'संत तुकाराम'मधल्या विष्णुपंत पागनीसांच्या चेहऱ्याचे नुसते ठोकळे दिसतात, डोळ्यातलं काहीच कळत नाही. १९३६ चा सिनेमा, व्हेनिसला गाजलेला, तो असा बघायचा म्हणजे जीवावर येतं. म्हणून ब्ल्यू-रेकडं, म्हणजे डीव्हीडीपेक्षा लई स्पष्ट चित्राच्या डिस्ककडं वळलो.

आता मुद्दा. भाची ब्रिटनमधे लेस्टरला असते, दिवाळीला गावाकडं येणारंय न् 'मामा काय आणू' म्हणून रोज विचारतीय. तिकडच्या कंपन्या, म्हणजे युरेका (त्यांची मास्टर्स ऑफ सिनेमा ही मालिका), अ‍ॅरो वगैरे, पहिल्या खेपेला बॉक्स, पुस्तिका, कधी पोस्टर असं देतात, युरेकाच्या बऱ्याच टायटलच्या पहिल्या २००० कॉपींनाच वरचं पुठ्ठ्याचं कव्हर असतं, ते संपलं की साधी डबी. मला ती पहिल्या खेपेचीच पाहिजे, नुसती शोकेसला नाही, त्या पुस्तिकेतले लेख मी वाचतो. आमच्याकडं शनिवारी चार-पाच जण जमतात, सिनेमा संपल्यावर त्यातलं वाचून दाखवतो न् मग जी चर्चा रंगते ती मोबाइलवर सिनेमा बघून होत नाही.

दुसरं म्हणजे क्रायटेरियन या जुने सिनेमे डिस्कवर काढणाऱ्या कंपनीचा सत्यजित राय यांच्या अपू त्रयीचा ब्ल्यू-रे बॉक्स, तो अमेरिकेतला. १९९३ ला लंडनच्या लॅबला आग लागली, त्यात या सिनेमांच्या निगेटिव्ह जळाल्या, न् त्या जळक्या रिळांतनं इटलीत बोलोन्याला एकेक फ्रेम जोडून 'पथेर पांचाली'चा ४० टक्क्यांच्या आसपास भाग मूळ निगेटिव्हवरून वाचवला, बाकीचं दुसऱ्या प्रिंटांवरून. त्या कामावरची छोटी डॉक्युमेंटरी बॉक्समधे आहे, मला ती दाखवायचीच आहे आमच्या पोरांना.

अडचण अशी की ब्ल्यू-रेसाठी जगाचे ए, बी, सी असे तीन भाग म्हणजे रीजन केलेत, एका रीजनचं कुलूप असलेली डिस्क दुसऱ्या रीजनच्या प्लेअरवर चालत नाही. माझा प्लेअर इथलाच, म्हणजे रीजन सी. ब्रिटनच्या डिस्क बी, अमेरिकेच्या ए. तर प्रश्न :

भाचीला मल्टीरीजन, म्हणजे सगळ्या रीजनच्या डिस्क चालवणारा प्लेअरच आणायला सांगू का? का फोर-के (फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र) प्लेअर घेऊन फोर-के डिस्कच घ्यायच्या, त्याला रीजनची कटकट नसते म्हणतात? टीव्ही साधा फुल एचडी आहे.

आणि एक, खोलीवर पत्रे आहेत, एप्रिल-मेमधे पारा ४२ च्या वर जातो, कूलर लावल्याशिवाय बसवत नाही. पुस्तिकांची पानं फुगायला लागलीत न् पुठ्ठ्याचे बॉक्स कडेनं वाकडे होतायत. डिस्क ठेवायच्या कशा? कुणाला अनुभव असंल तर सविस्तर सांगा, पैसे साठवून घेतोय.

— — —

प्रतिसाद (नांदेडहून)

दादा, फोर-के डिस्कला रीजन नसतं हे बरोबर, पण त्यात एक गोम आहे. क्रायटेरियनच्या फोर-के सेटमधे फोर-के डिस्कवर फक्त सिनेमा असतो आणि मुलाखती, डॉक्युमेंटरी सगळं सोबतच्या ब्ल्यू-रेवर, आणि त्या ब्ल्यू-रेला ए चं कुलूप असतंय. म्हणजे तुमची ती रिस्टोरेशनची फिल्म चालणारच नाही. तुम्हाला मल्टीरीजनच लागणार. डीव्हीडीचं रीजन बऱ्याच प्लेअरमधे रिमोटवरून बदलता येतं पण ब्ल्यू-रेचं सहसा नाही, आतून बदल करून घ्यावा लागतो, त्यामुळं 'मल्टीरीजन' एवढं वाचून खूश होऊ नका, ब्ल्यू-रे ए-बी-सी तिन्ही असं लिहिलेलं आहे का बघायला सांगा. गेमिंग कन्सोलवर फोर-के चालतं पण ब्ल्यू-रेला त्यालाही रीजन असतंय.

प्रतिसाद (पुण्यातून, मूळ गाव अंबाजोगाई)

प्लेअर ब्रिटनमधूनच आणा, अमेरिकेतला नको. तिकडंही २३० व्होल्टच आहे, फक्त पिन बदलावी लागेल. अमेरिकेतला १२० चा निघाला तर इथं लावल्या लावल्या जाईल.

आणि काका, कूलरचं पाणीच तुमच्या पुस्तिका फुगवतंय. उन्हाळ्यात आपल्याकडची हवा इतकी कोरडी असते की कागद फुगत नाही, पण बंद खोलीत कूलर चालू ठेवला की दिवसा ओल न् रात्री कोरडं, कागद त्यानंच वाकतो. डिस्कचं कपाट कूलरच्या खोलीत ठेवूच नका. आतल्या खोलीत, पश्चिमेची भिंत सोडून, पत्र्यापासून लांब खाली ठेवा, डिस्क उभ्या ठेवा, बॉक्स झिपच्या पिशवीत सिलिका जेलची (ओल शोषणारी) पुडी टाकून. पुडी ओली झाली की बदला.

मूळ धागाकर्ता

दोघांचेही लई आभार, भाचीला आत्ताच मेसेज टाकतो, कपाट आजीच्या खोलीत हलवतो. अजून एक विचारायचं. अपूचा तो बॉक्स संभाजीनगरात एका जणाकडं वापरलेला मिळतोय. नकली तर नसंल? काय काय फोटो मागवू?

प्रतिसाद (नांदेडहून)

डिस्कच्या खालच्या बाजूचा तिरका फोटो मागवा, उजेडात धरून. कारखान्यात छापलेली असली तर सगळीकडं एकसारखी दिसते, घरी कॉपी केलेलीला दोन छटा असतात, डेटा जिथवर भरलाय तिथवर एक न् पुढं दुसरी. मधल्या भोकाच्या कडेला चीर आहे का बघा, डबीतून ओढून काढताना तिथंच फुटतं. ओरखडे नीट बघा, ब्ल्यू-रेचा डेटा पृष्ठभागापासून ०.१ मिलिमीटरवरच असतो, खोल ओरखडा पडला तर गेलाच समजा. तीनही डिस्क न् पुस्तिका आहे का ते आधी विचारा, पुस्तिका नसलेले बॉक्स लई फिरतात. शक्य असंल तर एसटीनं जाऊनच बघा न् तिथंच लावून दाखवायला सांगा, पैसे नंतर.