नौदलातून आलेले हेडमास्तर: तुमच्याही आठवणी लिहा

रानवाट
काल 4 डिसेंबर, नौदल दिन. टीव्हीवर पांढरे गणवेश दिसले आणि आमचे हेडमास्तर डोळ्यांसमोर उभे राहिले. सैनिकी शाळेत सहावीत गेलो तेव्हा दहा वर्षांचा होतो. पहिले पंधरा दिवस पांघरुणात तोंड खुपसून रडायचो. सर रात्री दोनच्या सुमाराला फेरी मारायचे. टॉर्चचा झोत जमिनीवर, कुणाच्या तोंडावर कधीच नाही. एकदा पलंगाच्या कडेला बसले. म्हणाले, "बारा ते चारचा पहारा, मिडल वॉच, सगळ्यात अवघड. जहाजावर मलाही घर तेव्हाच आठवायचं." मच्छरदाणी खोचली आणि गेले. अजून गलबलून येतं.

सायली_क
माझे बाबाच हेडमास्तर. घरात फरशी म्हणजे डेक, स्वयंपाकघर म्हणजे गॅली. पण बाबा तीनशे मुलांचे, आमच्या वाट्याला फक्त रविवारची दुपार. लहानपणी फार राग यायचा. कुकर झाला, येते परत.

धोंडोपंत
बोलाइन गाठ! कितीही ताण आला तरी फास आवळत नाही आणि काम झालं की चटकन सुटते. सरांनी शिकवलेली. आज गोठ्यात गाय तिनेच बांधतो.

मी_अनु
कुठली गाय आहे दादा? गीर?

धोंडोपंत
खिलार. काल व्यायली, कालवड झाली 🙂

शिडाची होडी
आमचे सर 71 चं युद्ध फळ्यावर काढून दाखवायचे. क्षेपणास्त्र नौकांचा पल्ला कमी, म्हणून मोठ्या जहाजांनी त्या वाटेत ओढत नेल्या, मग कराचीवर हल्ला. सगळा वर्ग टाळ्या वाजवायचा. पण 9 डिसेंबरला खडू हातात घेत नसत. आपली युद्धनौका 'खुकरी' बुडाली तो दिवस. 18 अधिकारी, 176 नौसैनिक. तिचे कॅप्टन मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, एवढं सांगून खिडकीशी उभे राहायचे.

मी_अनु
वाचून डोळे भरले. मुलगी पाचवीत आहे, सैनिक शाळेत मुलींना घेतात ना आता?

रानवाट
हो ताई, घेतात. सहावीला आणि नववीला प्रवेशपरीक्षा असते.

सायली_क
आले. बाबा निवृत्त झाल्यावरही रात्री दोनला उठायचे. दारं बघायचे, मग नातवाच्या खोलीत जाऊन यायचे.

रानवाट
मच्छरदाणी खोचायचे?

सायली_क
चारी बाजूंनी.