जिंकलेल्या चिप्स खिशात टाकणं

पोकरमधे दहा हजाराचे तीस झाले की वीस खिशात घालून उरलेल्या दहावर खेळत बसलं तर चालतं का असं विचारलंयस, तर नाही चालत रे. कॅश गेममधे, म्हणजे चिपची किंमत थेट पैशांत असते त्या खेळात, टेबलावर आलेली चिप तू उठेपर्यंत टेबलावरच, डीलरची (पत्ते वाटणाऱ्याची) टिप वगैरे सोडून. आणि डाव चालू असताना खिशातून भरही घालता येत नाही, दोन डावांच्या मधेच. मोठ्या चिप्स पुढे दिसतील अशा ठेव, मागे दडवल्यास तर समोरचा भडकणार आणि त्याचं बरोबरच आहे.

पण पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटींवर नवीन लोक खरे अडकतात ते वेगळीकडेच. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधी दोघांनी लावायचीच रक्कम) 100-200, मनात रेज (रक्कम वाढवणं), आणि न बोलता हजाराची एकच चिप पुढे सरकवली की तो कॉलच (आधीच्याइतकीच रक्कम लावणं) धरतात, डीलर शांतपणे 800 परत देतो आणि ऑनलाइन खेळून आलेला माणूस नुसता बघत राहतो. आधी तोंडाने रेज म्हण, आकडा सांग, मग चिप्स. ते सिनेमातलं 'कॉल... आणि वर अजून पाच हजार' तर अजिबात नको, पहिला शब्दच धरला जातो. पॉटमधे (मधल्या ढिगात) चिप्स भिरकावूही नकोस, आपल्या पुढ्यात रचून ठेव, ओढून घ्यायचं काम डीलरचं.