एसी घ्यावा की नाही, आणि शेतात काय बदलावे?

प्रश्न (परभणी):
आमचे शहरात स्लॅबचे घर असून थोरले बंधू गावाकडे कापूस, तूर व सोयाबीनची कोरडवाहू शेती करतात. एप्रिल-मे महिन्यांत वरच्या मजल्यावर रात्रीही झोप लागत नाही, म्हणून एसी घ्यावा असा घरच्यांचा आग्रह आहे. परंतु राज्यातील बहुतांश वीज आजही कोळशावर तयार होत असल्याने माझे मन धजत नाही. घर व शेत मिळून खरोखर फरक पडेल असे काय करता येईल? कृपया ‘झाडे लावा’ एवढेच सांगू नये. झाडे लावतोच, उन्हाळ्यात ती जगवणे कठीण जाते.

उत्तर (लातूर):
आधी स्लॅबकडे पाहावे. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री ती उष्णता खोलीत सोडतो, त्यामुळे होळीच्या सुमारास गच्चीवर चुन्याचे दोन हात दिले तरी फरक जाणवतो. आपल्याकडील कोरड्या उन्हाळ्यात कूलरही चांगला चालतो आणि त्याला एसीच्या मानाने फारच कमी वीज लागते. त्यानंतर छतावर सौर संच बसवण्यासाठीच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेचा विचार करावा: ३ किलोवॅटच्या संचास केंद्राचे ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे आणि एका किलोवॅटमागे दिवसाला साधारण ४ युनिट वीज मिळते.

उत्तर (जालना):
चुन्याबाबत सहमत, कूलरबाबत मात्र नाही. तो पाणी पितो, आणि २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातूरच्या माणसाने ते विसरावे याचे नवल वाटते. शिवाय सौर संच बसवला म्हणून रात्री एसी मनसोक्त चालवावा असे होत नाही, कारण नेट मीटरमुळे (दिवसा बाहेर दिलेली वीज वापरातून वजा करणारा मीटर) बिलाचा हिशेब जुळला तरी रात्रीची वीज बव्हंशी कोळशाचीच असते.

उत्तर (बीड):
घरापेक्षा शेतात वाव अधिक आहे. वेचणी संपल्यावर बांधावर पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) पेटवण्याची रीत सोडून तिची यंत्राने बारीक कुट्टी करावी व शेणकाला शिंपडून खड्ड्यात कुजवावी. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने पऱ्हाटी जाळणाऱ्यांनाही हा मार्ग चालतो, मात्र ती शेतात उभी ठेवू नये. दुसरी बाब युरियाची. त्यातील पिकाने न उचललेल्या नत्रापैकी (नायट्रोजन) काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो आणि तो वायू वजनास वजन धरल्यास कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. सोयाबीनच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्वतःच धरतात, म्हणून पेरणीवेळची शिफारशीची मात्रा दिल्यावर वरून युरिया फेकण्याची सहसा गरज नसते.

प्रश्नकर्ता:
गच्चीला चुना लावणार आहोत आणि एसी तूर्त लांबणीवर टाकला आहे. पऱ्हाटीबाबत बंधू राजी आहेत. युरिया कमी करण्याबाबत मात्र ‘उतारा घटला तर भरून कोण देणार?’ असा त्यांचा रोकडा प्रश्न आहे.

उत्तर (बीड):
प्रश्न रास्तच आहे. माती परीक्षण करून यंदा सोयाबीनच्या एकाच एकरावर बियाण्यास रायझोबियम (मुळांवर गाठी धरवणारे जिवाणू खत) लावून, वरून युरिया न देता पाहावे व उरलेले रान नेहमीप्रमाणे ठेवावे. कृषी विद्यापीठ तर आपल्या परभणीतच आहे, जैविक खताची चौकशी तेथेच करता येईल.