मदत हवी आहे: फिल्मवर धबधब्याचं लाँग एक्स्पोजर, निगेटिव्ह अगदी पातळ येतायत

नमस्कार मंडळी,

बाबांचा पेंटॅक्स के१००० गेल्या वर्षी माळ्यावरून खाली काढला, साफसफाई करून घेतली आणि तेव्हापासून फिल्मवर फोटो काढतोय. घर, माणसं, रस्ते बऱ्यापैकी जमतात. धबधब्यापाशी मात्र गाडी अडली आहे.

जुलैत गावी सावंतवाडीला गेलो होतो, तेव्हा एक दिवस आंबोलीत काढला. मुख्य धबधब्यावर ट्रायपॉड टेकवायला जागा नव्हती एवढी गर्दी, म्हणून वरच्या अंगाला झाडीतल्या एका ओढ्यावर गेलो. तिथे पुरुष-दीड पुरुष उंचीवरून पाणी पडतं, खाली छोटासा डोह आहे आणि त्यात फेस सारखा गोल गोल फिरत असतो. धारा मऊ याव्यात आणि फेसाची वर्तुळं उमटावीत, एवढंच मनात होतं.

फिल्म इलफर्ड एफपी४ प्लस, १२५ आयएसओ. ५० मिमी लेन्स, एफ १६ (म्हणजे लेन्सचं भोक अगदी लहान). धबधबा फ्रेमभर घेऊन कॅमेऱ्यातला उजेडाचा मीटर पाहिला, सुई अर्ध्या सेकंदावर मधोमध आली. मग एनडी८ फिल्टर (उजेड अडवणारी गडद काच) लावला, म्हणजे आठपट वेळ, म्हणून बी वर (दाबून धराल तोवर शटर उघडं) ठेवून केबल रिलीजने ४ सेकंद दिले. लांब एक्स्पोजरला फिल्म मंदावते, जास्त वेळ द्यावा लागतो, हे वाचलं होतं म्हणून दुसरी फ्रेम ८ सेकंदांची घेतली. अशा जोड्या करत चौदा फ्रेम घालवल्या.

रोल धुऊन आला आणि खिडकीशी धरला तर जीव खट्टू झाला. पाणी तेवढं फिकट राखाडी उमटलंय. बाजूचा खडक, नेचे, शेवाळ जिथे असायला हवं तिथे नुसती कोरी पारदर्शक पट्टी. ८ सेकंदांच्या फ्रेम किंचित बऱ्या, पण त्यांतही खडक नाहीच.

आता फिल्मचं हे मंदावणं एवढं असतं का? की लॅबने रोल कमी धुतला? की फिल्टरच खोटा आहे? गणपतीला पुन्हा गावी जाणार आहे, विसर्जनानंतर दोन दिवस हातात आहेत. त्यानंतर त्या ओढ्याचं पाणी ओसरतं आणि गोष्ट पुढच्या पावसाळ्यावर जाते. एकच रोल शिल्लक आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद १

आधी एक काम करा. निगेटिव्हच्या कडेला कंपनीचं नाव आणि फ्रेमचे आकडे छापलेले असतात. ते कारखान्यातच उमटवलेले असतात, तुमच्या एक्स्पोजरशी त्यांचा संबंध नाही. ती अक्षरं गडद आणि ठसठशीत असतील तर रोल नीट धुतलाय. तीही फिकी असतील तर धुण्यात गडबड. त्याच रोलवरच्या साध्या उजेडातल्या फ्रेम कशा आल्यात तेही सांगा.

धागाकर्ता

पाहिलं. अक्षरं काळीभोर आहेत. रोलच्या सुरुवातीला पडवीत बसलेल्या आजीचे दोन फोटो आहेत, १/६० ला घेतलेले. तिच्या लुगड्याची चुणी न चुणी दिसते. म्हणजे लॅबला उगाच बोल लावत होतो.

प्रतिसाद १

मग चूक मीटर घेण्यात आहे, फिल्मचा वाटा त्यानंतरचा.

कॅमेऱ्यातला मीटर समोर जे दिसेल ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालतो. तुम्ही फ्रेमभर पांढरं पाणी दाखवलंत, त्याने ते राखाडी करून दिलं. तुमच्या निगेटिव्हवर पाणी राखाडी आणि खडक गायब, ते यामुळेच. पांढऱ्या पाण्यावर मीटर घेतला की साधारण दोन स्टॉप कमी पडतात (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). म्हणजे एफ १६ ला अर्धा सेकंद नव्हे, २ सेकंद हवे होते.

आता हिशेब पुढे न्या. २ सेकंद गुणिले ८, झाले १६. इथे फिल्मचं मंदावणं येतं. उजेड फार मंद असला की चांदीच्या कणावर प्रकाशाचा एक ठसा पक्का होण्याआधीच विरून जातो, म्हणून नुसता गुणाकार पुरत नाही. एफपी४ साठी इलफर्डने दिलेलं सूत्र सोपं आहे: एका सेकंदाच्या वर गेलात की मोजलेल्या वेळेचा १.२६ घात घ्यायचा. २ चे होतात २.४, ४ चे ५.७, ८ चे जवळपास १४, १६ चे ३३, ३० चे ७३. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे घरीच करून चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पट्ट्याला अडकवा, पावसात डोकं चालत नाही.

म्हणजे लागत होते ३३ सेकंद आणि तुम्ही दिलेत ४. तीन स्टॉप कमी. नुसत्या फिल्मच्या मंदावण्याने ४ सेकंदांना अर्धाच स्टॉप गेला असता, आणि एफपी४ ने तेवढं निभावून नेलं असतं.

मीटर हिरव्या पानांवर घ्या किंवा स्वतःच्या तळव्यावर. तळवा मध्यम राखाडीपेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो, तेव्हा येईल त्याच्या दुप्पट वेळ द्या. ओल्या काळ्या खडकावर घेऊ नका, तिथे उलटी फसगत होते. फिल्टर घरीच तपासा: दिवसाउजेडी पांढऱ्या भिंतीवर सुई जुळवा, फिल्टर लावा, पुन्हा जुळवा. तीन स्टॉपचा फरक आला तर फिल्टर खरा.

आणि माझं मत विचाराल तर पडत्या धारांना फिल्टर लावूच नका. एफ १६ ला २.४ सेकंद भरपूर होतात, एफ ११ ला एक सेकंद दिला तर धारेतले पदरही सुटे दिसतात. त्यापुढे पाण्याचा कापूस होतो. फेसाच्या वर्तुळांना मात्र ३३ सेकंद लागतीलच. तेव्हा फिल्टर लावा आणि वारा पडेपर्यंत थांबा, नाहीतर नेचे हलून त्यांचा धूर होईल. पुढे असले फोटो बरेच काढणार असाल तर फुजीची अॅक्रॉस १०० II ही फिल्म वापरून बघा, तिला दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही.

प्रतिसाद २

तुषारांचं बघा. छत्री धरायला कुणाला तरी सोबत न्या आणि पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. एसी लावलेल्या गाडीतून कॅमेरा थेट बाहेर काढू नका, लेन्सवर वाफ धरते. ट्रायपॉडचा एकही पाय वाहत्या पाण्यात नको, ३३ सेकंद तो थरथरत राहील. के१००० ला मीटर बंद करायचं बटण नाही, लेन्सची टोपी काढलेली राहिली तर सेल उतरतो, तेव्हा मधल्या वेळात टोपी लावा. बी ला सेल लागत नाही, त्याची काळजी नको.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फिल्टर आत्ताच भिंतीवर तपासला, बरोब्बर तीन स्टॉप. छत्रीला चुलतभाऊ तयार आहे. एकच शंका: डोह झाडाखाली आहे आणि मी ज्या खडकावर उभा राहतो तिथे वरून आभाळ उघडं आहे. तळवा कुठे धरू?

प्रतिसाद १

डोहावर जो उजेड पडतोय त्याच उजेडात. भावाला झाडाखाली उभं करा आणि त्याचा तळवा मोजा.