मदत हवी आहे: दोन सर्व्हायव्हल रेघा (किती रुग्ण अजून जिवंत, ते महिन्यागणिक दाखवणाऱ्या) एकमेकींना छेदतात, सरस उपचार कोणता?

कोपरीकर:
ठाण्यातल्या जुन्या फायलींवरून फुप्फुसाच्या कर्करोगात ऑपरेशन आणि रेडिएशनची तुलना करतोय. कापलान-मायर, म्हणजे त्या सर्व्हायव्हल रेघा, काढल्या. ऑपरेशनची रेघ पहिल्याच महिन्यात धपकन खाली येते, वर्षभरानं मात्र रेडिएशनच्या वर जाते. दोन रेघांतला फरक तपासणाऱ्या लॉग-रँक चाचणीचा पी ०.३, म्हणजे फरक ठोस दिसत नाही. म्हणजे दोन्ही सारखेच असं लिहू का? काळ उपचाराच्या दिवसापासून मोजलाय.

घणसोली_७:
सारखेच नका लिहू. रेघा छेदल्या की आधीचा तोटा आणि नंतरचा फायदा लॉग-रँकमध्ये एकमेकांना खातात. एकच हॅझर्ड रेशोही (दोन गटांतल्या मृत्यूच्या धोक्याचं गुणोत्तर) इथे फसवतो, कारण तो काढणारं कॉक्स मॉडेल तो पूर्ण काळ स्थिर धरतं.

पण आधी शून्य दिवस बदला. ऑपरेशनची तारीख येण्याआधी जो दगावला, तो तुमच्या ऑपरेशनच्या गटात आलाच नाही. गट फुकटात निरोगी दिसतो. ट्यूमर बोर्डाचा (उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीचा) निर्णय झाला तो दिवस शून्य, आणि उपचार जो ठरला त्याच गटात रुग्ण ठेवा. धडधाकट माणसालाच टेबलावर घेतात, तेव्हा वय आणि फुप्फुसाची क्षमता जुळवणं आलंच.

मग रेघेखालचं क्षेत्रफळ काढा, म्हणजे त्या काळात सरासरी किती महिने जगले ते; एक्सेल पुरतं. हिशेबापुरते आकडे घ्या. ऑपरेशन: पहिला महिना १ (सगळे जिवंत), मग २४ व्या महिन्यापर्यंत ०.९०, पुढे ६० पर्यंत ०.७०. रेडिएशन: १२ महिने १, २४ पर्यंत ०.८५, पुढे ०.५०. साठ महिन्यांत सरासरी ४६.९ विरुद्ध ४०.२ महिने. पण २४ महिन्यांनाच थांबलात तर २१.७ विरुद्ध २२.२! रेघा बाराव्या महिन्यात छेदल्या, तरी दोन वर्षांच्या बेरजेत अजून रेडिएशनच पुढे. म्हणून किती महिन्यांपर्यंत मोजायचं ते डेटा बघण्याआधी ठरवा.

कोपरीकर:
मग निवड कशी करायची? मुलीचं लग्न दीड वर्षावर असलेला माणूस वेगळं मोजेल ना?

घणसोली_७:
मोजेलच. १९७८ मध्ये संशोधक मॅकनील आणि सहकाऱ्यांनी याच आजारावर हे दाखवलं: पाच वर्षं जगण्याचा टक्का ऑपरेशनच्या बाजूनं असला, तरी जवळचा काळ मोलाचा मानणाऱ्याला रेडिएशन योग्य ठरू शकतं. वरच्या आकड्यांत मात्र २४ नंतरच्या महिन्याचं वजन सुमारे ०.०७ च्या खाली गेलं तरच पारडं फिरतं. खरा काटा जगण्याच्या प्रतीचा. ४०.२ भागिले ४६.९, म्हणजे ०.८६. रेडिएशननंतरचा महिना १ धरला आणि ऑपरेशननंतर दम लागून जगण्याचा महिना ०.८६ हून कमी वाटला, की साठ महिन्यांतही रेडिएशन जिंकतं. ते वजन रुग्णाला विचारायचं, आपण भरायचं नाही.

कोपरीकर:
बरेच जण परळला, खारघरला टाटाच्या रुग्णालयांत गेले, काही गावी. त्यांना सेन्सॉर केलंय, म्हणजे शेवटच्या भेटीपर्यंतच मोजलंय.

घणसोली_७:
तब्येत ढासळली म्हणून गावी गेले असतील तर सेन्सॉरिंग निष्पाप नाही. एक कट-ऑफ तारीख धरून प्रत्येकाच्या घरी फोन लावा. तरी ज्यांचा पत्ता लागला नाही ते सगळे शेवटच्या भेटीच्या दुसऱ्याच दिवशी दगावले असं मानून एकदा पुन्हा चालवा. निकाल उलटला तर तक्ता नको, आधी फोनची यादी टाका इथे.