कंपनीच्या स्टिरिओला सबवूफर जोडणं म्हणजे गाडी नासवणं?

ऐंशीहर्ट्झ (धागाकर्ता):
काल एका पोस्टमध्ये वाचलं, "कंपनीच्या स्टिरिओला सब जोडणं म्हणजे चांगली गाडी नासवणं. ज्यांना गाणं कळत नाही त्यांनाच धडधड लागते." तिथेच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबलं, म्हणून हा वेगळा धागा. (सब म्हणजे सबवूफर, फक्त खालचे स्वर वाजवणारा मोठा स्पीकर.)

दारातल्या साडेसहा इंची स्पीकरच्या मागे असतो पोकळ, भोकं पडलेला पत्रा. साठ-सत्तर हर्ट्झच्या खाली हा स्पीकर मान टाकतो. बेस गिटारची जाड तार सुटी छेडली की 41 हर्ट्झचा स्वर निघतो, तो गाडीत धड कधी ऐकूच येत नाही. त्यात टायरची घरघर नेमकी याच खालच्या पट्टीत. मग आपण आवाज वाढवत जातो आणि कानाला टोचतं ते वरचं सगळं.

मी हेड युनिट (डॅशबोर्डवरचा स्टिरिओ) कंपनीचंच ठेवलं. त्याला प्री-आउट (वेगळा अ‍ॅम्प्लिफायर जोडायचे सॉकेट) नाहीत, म्हणून मागच्या स्पीकरच्या वायरवरून हाय-लेव्हल सिग्नल घेतला. डिकीच्या कोपऱ्यात 10 इंची सब, सीलबंद पेटी, 500 वॅटचा अ‍ॅम्प, क्रॉसओव्हर (सबला कुठल्या स्वरापर्यंत वाजू द्यायचं ती हद्द) 80 हर्ट्झवर. स्टेपनी आजही निघते. पहिल्या दिवशी बेस उलट कमीच झाला होता. फेजचा (सबच्या पडद्याची पुढे-मागे हालचाल उलटवणारा) स्विच 0 वरून 180 वर नेला आणि बेस गिटार डिकीतून उठून डॅशबोर्डवर येऊन बसली. आता व्हॉल्यूम पूर्वीपेक्षा कमी ठेवतो. यात काय नासलं?

शांतझोप:
तुम्ही आत काय ऐकता त्याच्याशी मला देणंघेणं नाही, बाहेर काय येतं ते सांगा. आमच्या बेडरूमच्या खाली पार्किंग आहे. रात्री अकराला एक गाडी येते, इंजिन बंद होतं, गाणं संपेपर्यंत चालूच. शब्द एक कळत नाही, नुसतं धप धप. काचेच्या कपाटातले पेले किणकिणतात, बाळ दचकून उठतं. मी फोनवर डेसिबल मोजून दाखवले तर तो म्हणाला, "एवढासा आकडा, यात काय त्रास?"

वायरमन_जुना:
शांतझोप, तो मीटर ए-वेटिंगवर (कानाप्रमाणे खालचे स्वर कमी धरणाऱ्या मापावर) असणार. त्यात 50 हर्ट्झचा आवाज जवळपास 30 डेसिबलने कमी धरला जातो. तुमचा त्रास खरा आहे, आकडा चुकीच्या मापाचा आहे.

धागाकर्ते, तुमचा सिग्नलच मुळात अर्धवट आहे. बरीचशी कंपनीची युनिटं व्हॉल्यूम वाढला की दारातले स्पीकर वाचवायला बेस छाटतात. तोच छाटलेला सिग्नल तुम्ही अ‍ॅम्पला देताय. आणि फ्यूज कुठे आहे ते लिहिलं नाहीत.

ऐंशीहर्ट्झ:
छाटणीचं पटलं नव्हतं म्हणून मोजलं. 40 हर्ट्झचा टोन लावला, मल्टिमीटर एसीवर घेऊन स्पीकरच्या दोन वायरींवर धरला. व्हॉल्यूम 18 पर्यंत व्होल्टेज चढत गेलं, पुढे 26 पर्यंत जवळपास तिथेच. 200 हर्ट्झला मात्र चढतच राहिलं. म्हणजे छाटतं, मान्य. पण मी 16 च्या वर जातच नाही, त्यामुळे माझ्यापुरता हा मुद्दा निकाली.

फ्यूज डिकीत आहे, अ‍ॅम्पजवळ.

वायरमन_जुना:
डिकीत? फ्यूज वायर वाचवायला असतो, अ‍ॅम्प वाचवायला नाही! बॅटरीपासून डिकीपर्यंतची सगळी वायर तुम्ही विनासंरक्षण सोडली आहे. वाटेत कुठे ती बॉडीला टेकली तर शेकडो अँपिअर त्यातून जातील आणि मागचा फ्यूज बघत बसेल. तो बॅटरीपासून 45 सेंमीच्या आत हवा.

एक गाडी माझ्याकडे आली होती. मालक म्हणाला, रबर जळल्याचा वास येतो. सीटचा स्क्रू वायरीत घुसला होता. कार्पेट उचललं तर खालचा फोम हातभर काळा, आणि वायरीचं इन्सुलेशन त्याला चिकासारखं चिकटलेलं. हे बघितल्यापासून मी या विषयावर गोड बोलत नाही.

निवांतगाडी:
उगाच घाबरवताय लोकांना. माझा फ्यूज सहा वर्षं सीटखाली आहे, काही झालेलं नाही. 500 वॅटचा अ‍ॅम्प खेचून खेचून किती खेचणार?

वायरमन_जुना:
क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अ‍ॅम्प, 80 टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण जोरावर 45 अँपिअरच्या आसपास. पण शॉर्ट झाल्यावर अ‍ॅम्पचा संबंधच उरत नाही, तिथे बॅटरी थेट बॉडीत रिकामी होते. तुमची वायर सहा वर्षं घासते आहे, एवढंच तुमच्या अनुभवातून कळतं. आणि ती खरी तांब्याची आहे की तांब्याचा मुलामा दिलेली, लवकर तापणारी अ‍ॅल्युमिनियमची, ते कधी पाहिलंत?

निवांतगाडी:
मुलाम्याची आहे. बिल काढून पाहिलं. फ्यूज पुढे घेतो, पण तुम्ही ओरडलात म्हणून नाही.

शांतझोप:
मी रात्रीच्या झोपेबद्दल लिहिलं होतं. त्यावर दोन ओळी आणि वायरीवर एवढा वाद!

ऐंशीहर्ट्झ:
दोन दिवसांनी येतोय. बॉनेट उघडलं. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यातून) वायर आत शिरते तिथे रबरी ग्रोमेटच (भोकाच्या धारेपासून वायर वाचवणारं कडं) नव्हता. इन्सुलेशनवर पत्र्याच्या धारेने नखाएवढी खाच पाडली होती, आतलं तांबं अजून दिसत नव्हतं. वायरमन, तुमचं बरोबर होतं. बोलण्याची पद्धत नाही. खाचेवर टेप गुंडाळून फ्यूज पुढे घेतोय.

वायरमन_जुना:
टेप नको, वायर बदला. आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढा. अ‍ॅम्पच्या अर्थिंगला खालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, नाहीतर अल्टरनेटरची (इंजिनवर चालणाऱ्या जनित्राची) शीळ स्पीकरमधून ऐकू येईल.

शांतझोप:
आणि पार्किंगमध्ये?

ऐंशीहर्ट्झ:
अ‍ॅम्पला बेसचा वेगळा नॉब आहे, गिअरजवळ लावलाय. गेटच्या आत आलो की शून्यावर. परवा बाहेर उभा राहून, दारं लावून ऐकलं. नंबर प्लेट थरथरत होती आणि मला वाटत होतं बाहेर काहीच येत नसेल. प्लेटमागे फोम लावलाय, नॉबही फिरवतोय.