प्र: गोसेखुर्द धरणावर सराव झाला, आता मुंबई बंदरात कयाक (वल्ह्याची छोटी, अरुंद होडी)?
वर कोणी लिहिलंय की वल्ह्याची होडी दिसली की जहाजानंच बाजूला व्हायचं. बंदराच्या चॅनेलमध्ये, म्हणजे मोठ्या जहाजांच्या खोल पाण्याच्या वाटेत, तसं नसतं. टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला ९ वा नियम सांगतो, २० मीटरपेक्षा लहान होडीनं चॅनेलमध्येच चालू शकणाऱ्या जहाजाची वाट अडवायची नाही. अन् ते वळणार तरी कुठं, बाजूला उथळ गाळ!

हिशेब करून पाहा. १० नॉटचं (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) जहाज मिनिटाला ३०० मीटर येतं, ३ नॉटची कयाक ९० मीटर जाते. ४५० मीटरचं चॅनेल ओलांडायला ५ मिनिटं. तेवढ्यात जहाज दीड किलोमीटर आलेलं. शिवाय जहाजाच्या नाळेपुढचं (पुढच्या टोकापुढचं) ५०० मीटरपर्यंतचं पाणी ब्रिजवरून, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीतून, दिसलं नाही तरी ते नियमात बसतं. आपल्याला जहाज सतत त्याच दिशेला दिसत राहून आकार वाढत असेल तर टक्कर ठरलेली. थांबा, त्याच्या मागून जा. भोंग्याचे ५ छोटे आवाज आले तर ते आपल्यासाठीच समजा.

एरवी बोयांच्या (चॅनेलची कड दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांच्या) बाहेरून चला. ओलांडायचंच तर काटकोनात, सगळे एकत्र. जहाजाची लाट उथळात उभी होते, तेव्हा कयाकची नाळ तिच्याकडे वळवा. बंदराची परवानगी आधी काढा, हे सांगायला नकोच.

गोसेखुर्दला हात बसतो, पण तिथं भरती-ओहोटी नाही. मुंबईत उधाणाला पाणी ४-५ मीटर चढतं-उतरतं, अन् वारा ओढीच्या (भरती-ओहोटीच्या प्रवाहाच्या) उलट असला की लाटा आखूड, खड्या होतात. पहिल्यांदा अष्टमीच्या आसपास, भांगाच्या दिवसांत (भरती-ओहोटी कमी असते तेव्हा) जा. उलटलेल्या कयाकमध्ये परत चढणं मात्र धरणावरच, वाऱ्याच्या दिवशी पक्कं करा.